पूल कोठे उतरतो?

बेळगावच्या काँग्रेस रस्त्याने सकाळी सायकलवरून जाणाऱ्याला रेल्वेमार्ग बराच वेळ सोबत करतो. रूळ दिसतात, रुळांपलीकडची घरे दिसतात, पलीकडून ओळखीच्या माणसाने हाक मारली तर ती ऐकूही येते. पण त्या हाकेला जागून पलीकडे जायचे म्हटले, की सारी भिस्त फाटक उघडे असण्यावर, नाहीतर लांबचा उड्डाणपूल गाठण्यावर. टिळकवाडीचे पहिले गेट, दुसरे गेट, तिसरे गेट ही नावे आमच्याकडे पत्ता सांगण्याच्या खुणा होऊन बसली आहेत, आणि ज्या शहरात अडथळ्यांची नावे पत्त्यांत रुळतात, त्या शहराने ते अडथळे मनोमन स्वीकारले आहेत असेच समजावे लागते.

मागच्या महिन्यात टिळकवाडीतील व्हॅक्सिन डेपोच्या, म्हणजे जुन्या लस-संस्थेच्या आवारातील झाडीत फेरी मारून बसलेल्या आमच्या मंडळींपैकी एकाने मोबाईलवर परदेशातील एका उद्यानात बांधलेल्या पादचारी आणि सायकल पुलाची चित्रफीत दाखवली. पांढरीशुभ्र कमान, खाली संथ पाणी, वरून निवांत जाणाऱ्या सायकली. ‘असला एखादा आपल्या किल्ला तलावावर का होऊ नये?’ असे त्याने विचारले. दुसऱ्याने लगेच ‘आधी खड्डे बुजवा म्हणावं’ हे ठेवणीतले उत्तर दिले आणि विषय तेथेच मिटला. मला तो प्रश्नही अपुरा वाटला आणि ते उत्तरही, म्हणून हा लेखनप्रपंच.

बेळगावला देखणा पादचारी आणि सायकल पूल अवश्य हवा आणि त्यावर सार्वजनिक पैसा खर्च करण्यात काहीही गैर नाही, असे माझे मत आहे. मात्र त्याची जागा चित्रकाराने किंवा उद्घाटकाने नव्हे, तर रोज चालणाऱ्यांच्या पायांनी ठरवलेली असली पाहिजे. किल्ला तलावाच्या एका काठावरून निघून दुसऱ्या काठावर उतरणारा पूल कितीही सुंदर झाला तरी तो फार तर तलावाला वळसा घालणाऱ्याची पाच मिनिटे वाचवील, आणि तेथे येणारा माणूस तर वळसा घालायलाच आलेला असतो. त्याच तलावाकाठी २०१८ मध्ये ११० मीटर उंचीचा ध्वजस्तंभ उभा राहिला. स्तंभाने दुरून दिसावे एवढीच अपेक्षा असते आणि उभा राहिला की ती पुरी होते. पुलाचे तसे नाही. तो दिसला म्हणजे काम झाले असे होत नाही, त्यावरून रोज कोणीतरी कोठेतरी पोहोचावे लागते.

उद्यानातील आधुनिक पुलांची जी उदाहरणे लोक हौसेने दाखवतात, ती नीट तपासली तर बहुतेक वेळा हेच आढळते. अमेरिकेतील दक्षिण कॅरोलायना राज्यात ग्रीनव्हिल नावाचे शहर आहे. एके काळी ते कापडगिरण्यांसाठी ओळखले जाई आणि त्याच्या मध्यातूनच रीडी नदीचा धबधबा कोसळतो. १९६० मध्ये त्या धबधब्याच्या डोक्यावरून मोटारींसाठी चौपदरी पूल बांधण्यात आला आणि पुढची चाळीस वर्षे शहराचा हा सर्वांत सुंदर तुकडा काँक्रीटखाली दडून राहिला. २००२ मध्ये तो पूल पाडण्यात आला आणि २००४ मध्ये त्या जागी लिबर्टी ब्रिज हा फक्त पायी चालणाऱ्यांचा पूल खुला झाला. तो ३५५ फूट लांब आणि १२ फूट रुंद आहे, धनुष्यासारखा वळलेला आहे आणि केवळ एका बाजूने केबलांनी तोललेला आहे. वास्तुकार मिगेल रोझालेस यांनी केबलांचा सारा भार वळणाच्या बाहेरच्या बाजूला ठेवला, त्यामुळे धबधब्याकडे पाहणाऱ्याच्या नजरेआड एकही खांब येत नाही. या पुलाची छायाचित्रे आपल्याकडे फिरतात, पण त्याआधी शहराने मोटारींचा एक वापरातला पूल स्वतःच्या हाताने पाडला, ही गोष्ट कोणी सांगत नाही. नवा पूल मनात भरतो तो त्याच्या पोलादामुळे जितका, तितकाच त्या मोकळ्या झालेल्या जागेमुळे. आपल्याकडे उड्डाणपुलाचा एक खांब हलवायचा म्हटला तरी चार खात्यांच्या फायली हलतात; वापरातला मोटारपूल पाडून तेथे चालणाऱ्यांना जागा देण्याची कल्पना मांडणाऱ्याला सभेत कोणी बसू देईल का, याची मला शंका आहे.

गिरणी, नदी, धबधबा आणि पायी चालण्याचा पूल हे शब्द एका ओळीत वाचून गोकाक न आठवणारा माणूस आमच्या जिल्ह्यात सापडणार नाही. घटप्रभा जेथे ५२ मीटर खाली झेप घेते, तेथे वरच्या अंगाला झुलता पूल आहे. त्याची लांबी सुमारे २०० मीटर, आणि नदीच्या खडकाळ तळापासून तो साधारण १४ मीटर उंच. १८८७ पासून धबधब्याच्या पाण्यावर चाललेली सूतगिरणी ज्या काठावर आहे, तो काठ आणि पलीकडचा काठ या पुलाने जोडले. तो ‘पर्यटन विकास’ म्हणून बांधला गेला नव्हता. नदीच्या दोन्ही अंगांना माणसे होती आणि त्यांना जा-ये करायची होती, एवढेच त्याचे प्रयोजन. तरीही पावसाळ्यात धबधबा पाहायला आलेली माणसे आधी त्या पुलाचेच फोटो काढतात, आणि आमच्या शाळेची सहल गेली तेव्हा मुलांनी घरी जाऊन धबधब्यापेक्षा पूल हलल्याचेच वर्णन अधिक केले. म्हणजे पादचाऱ्यांचा देखणा पूल ही बेळगाव जिल्ह्याला कोणी नव्याने शिकवण्याची गोष्ट नाही; ती शंभराहून अधिक वर्षांपासून येथे आहे. तिचा अर्थ मात्र आपण उलटा लावतो. कामासाठी बांधलेल्या वस्तूला कालांतराने आलेले सौंदर्य आपण पाहतो, आणि काम वगळून नुसते सौंदर्य विकत घ्यायला निघतो.

कॅनडातील कॅलगरी शहरातला पीस ब्रिज हे उदाहरण मला जास्त अवघड वाटते, कारण ते माझ्या बाजूनेही बोलते आणि माझ्याविरुद्धही. बो नदीवरचा, लाल रंगाच्या पिळदार जाळीच्या नळीसारखा हा पूल २०१२ मध्ये खुला झाला. खर्च अडीच कोटी डॉलरच्या घरात गेला, काम खुली स्पर्धा न घेता सान्तियागो कालात्रावा या प्रसिद्ध वास्तुकाराला दिले गेले, ते लांबले, आणि या सगळ्यावरून गावात मोठा वाद पेटला. ‘एवढा पैसा चालणाऱ्यांसाठी?’ हा तेथील नाराज करदात्यांचा सवाल आपल्या ‘आधी खड्डे बुजवा’चाच भाऊ आहे. पण पूल सुरू झाला आणि लोक तो रोज वापरू लागले. याचे कारण त्याचा लाल रंग नव्हे. तो नदीच्या एका बाजूची वस्ती दुसऱ्या बाजूच्या कार्यालयांच्या भागाशी आणि काठाकाठाने जाणाऱ्या सायकलमार्गांशी नेमका जोडतो. मधली पट्टी सायकलींना आणि दोन्ही कडांच्या किंचित उंच पट्ट्या चालणाऱ्यांना, अशी त्याची सरळ वाटणी आहे. त्याची नळीसारखी घडणही निव्वळ लहर नव्हती. पात्रात खांब उभारायचा नाही, आणि जवळ हेलिकॉप्टर उतरण्याची जागा असल्यामुळे वर उंच मनोरे न्यायचे नाहीत, अशी दुहेरी अट होती. तेव्हा सारे बळ पुलाच्या अंगातच साठवावे लागले. अडचणीतून आलेला आकार डोळ्याला पटतो. पुढे २०२२ मध्ये त्याच्या कठड्याची बहुतेक तावदाने फोडली गेली आणि शहराला काचेऐवजी पोलादी कठड्याकडे वळावे लागले, हेही येथे नोंदवून ठेवतो, कारण काचेचा विषय पुढे येणार आहे.

आता बेळगावकडे येतो. २०१६ च्या जानेवारीत स्मार्ट सिटी योजनेची पहिली २० शहरे जाहीर झाली, त्यांत कर्नाटकातून दावणगेरेबरोबर बेळगाव होते. त्यानंतर रस्ते खणले गेले, पुन्हा बांधले गेले, पदपथांवर नव्या फरशा आल्या आणि त्या फरशांवर दुचाकी उभ्या राहिल्या. रेल्वेमार्ग ओलांडणारे पूलही झाले: कपिलेश्वरजवळचा, जुन्या पी. बी. (पुणे-बंगळूर) रस्त्यावरचा, गोगटे सर्कलजवळ जुना पाडून नव्याने बांधलेला, तिसऱ्या गेटावरचा. हे सगळे आवश्यक होते, याबद्दल वाद नाही. पण हे पूल मोटारीच्या मापाने आखलेले आहेत. मोटारीला अर्धा किलोमीटर वळसा म्हणजे जेमतेम एक मिनिट. डोक्यावर भाजीची पाटी घेतलेल्या बाईला तो सात-आठ मिनिटांचा चढउतार असतो, तोही ट्रकच्या धुरात. मग ती बाई फाटकाखालून वाकून रूळ ओलांडते आणि आपण तिला बेशिस्त म्हणतो.

ज्या गावात सायकलीचा असा संकोच झाला आहे, त्याच गावात सायकलीने मराठी माणसाच्या उद्योगाला सुरुवात करून दिली होती, याची आठवण येथे करून देतो. १८८८ मध्ये लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात सायकलींचे छोटेसे दुकान काढले. सायकली विकायच्या, दुरुस्त करायच्या आणि घेणाऱ्याला चालवायलाही शिकवायच्या, असा तो व्यवसाय होता. त्यातून पुढे लोखंडी नांगर आला, कारखाना आला, आणि १९१० मध्ये येथील जागा सोडावी लागल्यावर औंध संस्थानात किर्लोस्करवाडी वसली. आज किर्लोस्कर रोड या नावाने ती आठवण शहरात शिल्लक आहे, पण त्या रस्त्यावरून बाजाराच्या वेळी सायकल चालवून दाखवावी, असे मी कोणालाही सुचवणार नाही. अलीकडचीच गोष्ट घ्यायची तर २००६-०७ पासून कर्नाटक सरकारने आठवीच्या मुलामुलींना मोफत सायकली दिल्या. यळ्ळूर, धामणे, कडोली, उचगाव अशा गावांतून मुली त्या सायकलींवर शाळेला निघू लागल्या, ही या भागातील गेल्या पिढीतली एक मोठी घटना आहे असे मी शिक्षक म्हणून सांगू शकतो. ती योजना पुढे थांबली. मात्र ती चालू होती तेव्हाही सायकल दिली आणि वाट दिली नाही, असाच प्रकार होता.

म्हणून माझा प्रस्ताव असा, की देखणा पूल व्हावा तो काँग्रेस रस्त्याकडून टिळकवाडीकडे, रुळांवरून, दोन फाटकांच्या मधोमध कोठेतरी; त्याची एक वाट व्हॅक्सिन डेपोच्या सावलीपर्यंत जावी आणि दुसरी शाळा-महाविद्यालयांच्या रस्त्याला मिळावी. उद्यान त्याला जोडलेले असावे, पण पूल उद्यानाच्या पोटात कोंडलेला नसावा. डेपोतील झाडे शहराचे फुप्फुस आहेत आणि तेथे काँक्रीट ओतायला नागरिकांनी याआधी विरोध केलेला आहे. तेव्हा झाडे तोडून उद्यान ‘सजवण्यापेक्षा’ उद्यानापर्यंत चालत येता यावे, हा खर्च अधिक शहाणपणाचा.

यावर पहिला तांत्रिक आक्षेप उंचीचा निघेल आणि तो रास्त आहे. विद्युतीकरण झालेल्या रेल्वेमार्गावरून पूल न्यायचा तर रुळांपासून साधारण साडेसहा मीटर मोकळी जागा सोडावी लागते. पुलाची जाडी धरली तर चालणाऱ्याला सात मीटर चढायचे आहे. जिने करायचे तर काम सोपे, पण जिन्यावर सायकल खांद्यावर घ्यावी लागते आणि चाकाच्या खुर्चीला तर तेथे प्रवेशच नाही. उतार करायचा तर वीस मीटरला एक मीटर हा चढ सर्वांना झेपणारा. त्या हिशेबाने प्रत्येक बाजूला १४० मीटर लांबीचा उतार लागेल. बाराला एक असा तीव्र चढ धरला तर ८४ मीटर, पण तो चढताना म्हातारी माणसे आणि डबेवाले थांबत थांबत जातील. १४० मीटर हा आकडा ऐकून अभियंते मान हलवतात. मला मात्र वाटते, की पुलाचा देखणेपणा नेमका येथे कामाला येतो. तो उतार सरळ रेषेत नेण्याऐवजी रुळांना समांतर वळवून, झाडांच्या शेंड्यांच्या उंचीवरून हळूहळू चढवला, की चढ हीच फेरी होते. कोपनहेगनमध्ये २०१४ साली बांधलेला नारिंगी रंगाचा ‘सायकल साप’ असाच बंदराच्या पाण्यावरून वळणे घेत जातो; त्याआधी तेथे सायकलस्वारांना जिना होता आणि त्यांना सायकली उचलून न्याव्या लागत. चांगला वास्तुकार हवा तो अशा १४० मीटरसाठी. वर कमान आणि दिवे बसवायला कोणीही पुरतो.

काही जण म्हणतील, पूल कशाला, भुयारी मार्ग करा; काही मीटर खाली उतरले की झाले. सायकलस्वारांच्या दृष्टीने हे म्हणणे खरोखर बिनतोड आहे, कारण भुयारात आधी उतार येतो आणि त्याच वेगावर पुढचा चढ निघून जातो. पण बेळगावचा पाऊस ज्याने पाहिला आहे, बळ्ळारी नाल्याचे पाणी शहापूर-वडगावच्या शिवारात कसे पसरते हे ज्याला ठाऊक आहे, तो येथे खोलात खड्डा करून त्यातून मुलींनी संध्याकाळी सातला जावे असे सुचवणार नाही. पाणी उपसणारा पंप आणि दिवा यांपैकी एक बंद पडला, तरी ते भुयार निरुपयोगी होते.

पावसाचा मुद्दा निघालाच आहे तर काचेबद्दल स्पष्ट बोलतो, कारण ‘मॉडर्न’ म्हटले की आपल्याकडे काच हवीच असते. अहमदाबादला साबरमतीवरील अटल पूल २०२२ च्या ऑगस्टमध्ये खुला झाला. ३०० मीटर लांबीचा, पतंगांच्या रंगाढंगाचा, सुमारे ७४ कोटी रुपयांचा. त्याच्या पायतळीच्या काचेला वर्षाच्या आत तडा गेला आणि तेवढा भाग कठडे लावून बंद करावा लागला. व्हेनिसमध्ये २००८ साली कालात्रावांनीच बांधलेल्या पुलाच्या काचेच्या पायऱ्यांवरून माणसे घसरू लागली. तेथे काच काढून दगड बसवण्याचा निर्णय झाला आणि वास्तुकाराला दंड झाला. बिल्बाओतील त्यांच्या पादचारी पुलावर तर घसरण टाळण्यासाठी काचेवर गालिचा अंथरावा लागला. यांतली अहमदाबाद आणि व्हेनिस ही शहरे तर बेळगावपेक्षा कोरडी आहेत. आमच्याकडे जून ते सप्टेंबर घराच्या पायरीवर शेवाळ धरते. येथे खरबरीत दगड, किंवा दाणेदार थर दिलेले पोलाद, आणि दोन फळ्यांमधून पाणी निथळेल अशी फट. एवढे साधे उत्तर पुरेसे आहे. शिवाय उद्यमबाग-मच्छेच्या कारखान्यांत आणि फौंड्र्यांत पोलाद कापणारे, वळवणारे, ओतणारे हात आहेत. विमानाचे भाग आणि हायड्रॉलिक यंत्रे बनवणाऱ्या गावाने पुलाचा कठडा बाहेरून आणावा, हे मला तरी पटत नाही.

हलक्या पुलांच्या बाबतीत एक धोका असा आहे, की तो नकाशात दिसत नाही. लंडनचा मिलेनियम ब्रिज १० जून २००० रोजी खुला झाला आणि दोनच दिवसांत बंद करावा लागला. त्याचे काहीही मोडले नव्हते. तो फक्त डुलत होता. चालताना माणसाचे पाऊल सेकंदाला साधारण दोनदा पडते, पण डावीकडे आणि उजवीकडे पडणारा आडवा धक्का सेकंदाला एकदाच लागतो. पुलाचे आडवे हेलकावे या गतीच्या जवळ असले, की पूल किंचित हलतो, तोल सावरण्यासाठी माणसे नकळत त्याच्या ठेक्यात पाय टाकू लागतात, आणि त्यामुळे पूल आणखी हलतो. दिंडी जेव्हा टाळाच्या ठेक्यावर चालते तेव्हा हे मुद्दाम घडते. तेथे ते नकळत घडले. शेवटी जवळजवळ ९० शामके, म्हणजे हेलकावे शोषून घेणारी साधने, बसवून तो पूल २००२ च्या फेब्रुवारीत पुन्हा उघडला. आपल्याकडे गणपती विसर्जनाच्या रात्री आणि शिवजयंतीच्या चित्ररथ मिरवणुकीला जी गर्दी लोटते, ती डोळ्यांसमोर ठेवून हिशेब झाला पाहिजे, रविवारी सकाळी फेरी मारायला येणाऱ्यांना मोजून नव्हे.

आणि मोरबी विसरून चालणार नाही. ३० ऑक्टोबर २०२२ रोजी मच्छू नदीवरचा शंभराहून अधिक वर्षांचा झुलता पूल कोसळून १३५ माणसे गेली. दुरुस्तीनंतर तो चारच दिवसांपूर्वी उघडला होता. तपासात मुख्य दोराच्या ४९ तारांपैकी २२ आधीच गंजल्याचे दिसले. रंग नवा होता, दोर जुना. तेव्हापासून ‘झुलता पूल’ म्हटले की लोकांच्या मनात भीती उभी राहते, आणि ती भीती मला अनाठायी वाटत नाही. तिच्यावर उपाय म्हणजे पूलच नको असा नाही. पूल मंजूर करतानाच पुढच्या तीस वर्षांच्या तपासणीचा आणि देखभालीचा पैसा वेगळा काढून ठेवणे हा आहे. याची बातमी होत नाही आणि त्याला फीतही कापता येत नाही, म्हणून तो पैसा कोणी काढत नाही.

तिकिटाचा मोहही येथेच टाळला पाहिजे. अटल पुलावर २०२२ मध्ये प्रौढ माणसाला ३० रुपये तिकीट ठेवले गेले. पाहुण्याने एकदा ३० रुपये दिले तर बिघडत नाही. पण घरकामाला जाणारी बाई महिन्याला ५० वेळा रूळ ओलांडते. ज्या क्षणी पुलाच्या तोंडाशी तिकिटाची खिडकी बसते, त्या क्षणी तो रस्ता राहत नाही.

या सगळ्यावर एक आक्षेप असा आहे, की त्याला उत्तर देताना माझीही जीभ अडखळते. खानापूर तालुक्यात, भीमगड अभयारण्याच्या पोटात आमगाव, कोंगळे, गवाळी, पास्तोली अशी मराठी बोलणारी गावे आहेत. पावसाळ्यात नाले भरले, की ही गावे तुटतात. गावकरी लाकडे बांधून साकव तयार करतात, पूर तो नेतो, ते पुन्हा बांधतात. आजारी माणसाला डोलीत घालून, चिखलातून, साकवावरून काही किलोमीटर चालत आणल्याच्या बातम्या पावसाळ्यात वारंवार येतात, आणि त्यातला प्रत्येक रुग्ण वाचतोच असे नाही. तिकडे चिकोडी-निपाणी भागात कृष्णा, दूधगंगा, वेदगंगा फुगल्या की कल्लोळ-येडूर, मलिकवाड-दत्तवाड, कारदगा-भोज, जत्राट-भिवशी हे बंधाऱ्यांवरचे रस्ते पाण्याखाली जातात आणि चालत दहा मिनिटांवर असलेले गाव वीस-तीस किलोमीटरवर जाऊन बसते. मलिकवाड कर्नाटकात आणि दत्तवाड महाराष्ट्रात. पाणी चढले की सीमाप्रश्न तात्पुरता नदीच सोडवते. अशा जिल्ह्यात शहरवासीयांनी सायकलीसाठी सुबक पूल मागावा का?

या आक्षेपाला ‘दोन्हींचा निधी वेगवेगळ्या खात्यांतून येतो’ असे उत्तर मिळते. ते खरे आहे आणि तरीही निर्लज्ज आहे. मला दुसरे उत्तर सुचते. कर्नाटकाच्या दक्षिण कन्नड जिल्ह्यातील सुळ्ळ्य येथील अभियंते गिरीश भारद्वाज यांनी १९८९ मध्ये आरंबूर येथे पयस्विनी नदीवर गावकऱ्यांच्या मागणीवरून पहिला झुलता पादचारी पूल बांधला आणि त्यानंतर कर्नाटक, केरळ, आंध्र प्रदेश, ओडिशा येथील दुर्गम गावांत असे शंभराहून अधिक पूल उभे केले. २०१७ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. पोलादी दोर, हलका मार्ग, दोन्ही काठांवर खांब आणि पात्रात काहीही नाही, ही त्यांची रीत. अभयारण्यात डांबरी रस्ता आणि अवजड पूल यांना वनखात्याची आडकाठी असते आणि त्यामागे वाघ-वन्यजीवांचे खरे कारणही आहे. पण माणूस आणि सायकल यांच्यापुरता दोरावरचा पूल जंगलाला फारसा धक्का न लावता होऊ शकतो. त्या गावांच्या स्थलांतराची चर्चा अधूनमधून निघते. ते व्हायचे तेव्हा होवो, तोवर दरवर्षी जून येणारच आहे.

तेव्हा मागणी एकत्र करावी असे मला वाटते. शहरातला देखणा पूल आणि खानापुरातले चार-पाच दोराचे पूल हे एकाच आराखड्यात, एकाच देखभाल पथकाच्या हाती द्यावेत. शहरातल्या पुलाची रचना करायला जो नामांकित वास्तुकार येईल, त्याने आमगावच्या नाल्याचाही एक आराखडा द्यावा, ही निविदेतली अट असावी. हे कोणी हसण्यावारी नेईल. पण ज्या ज्ञानाने लंडनचा पूल डुलायचा थांबवला, तेच ज्ञान कोंगळेच्या पुलावरून चाललेली डोली स्थिर ठेवते. यात उच्च आणि नीच अभियांत्रिकी असा भेद नाही. हलगा-मच्छे बायपासने सुपीक जमिनीवरून शेतकऱ्यांना किती वर्षे रस्त्यावर आणि कोर्टात उभे केले, हे आपण पाहिले आहे. पादचारी पुलाला गुंठ्यांतच जागा लागते, एकरांत नव्हे. एवढ्या कमी जमिनीत एवढे जोडून देणारे दुसरे सार्वजनिक बांधकाम मला तरी माहीत नाही.

फलक कोणत्या भाषेत लागेल, हा प्रश्न आमच्याकडे खांबांच्या आधी उभा राहतो. मी त्याला टाळत नाही. मराठी आणि कन्नड अशा दोन्ही भाषांत लागावा, कारण चालणारे दोन्ही भाषांत चालतात. पण त्याही आधी एक काम करता येण्यासारखे आहे आणि त्याला कोणाच्या मंजुरीची गरज नाही. तिन्ही गेटांवर एक आठवडाभर, पहाटेपासून रात्रीपर्यंत, पायी आणि सायकलने रूळ ओलांडणाऱ्यांची मोजणी करायची: बायका किती, मुले किती, कोठून आले, कोठे निघाले, फाटकाशी किती वेळ थांबले, किती जण वाकून गेले. एक वही, दोन पेन्सिली, पाळीपाळीने बसणारी महाविद्यालयातील मुले आणि एक निवृत्त शिक्षक एवढ्यावर हे होते. पूल कोठे उतरावा हे त्या वहीतून समजेल. पहिल्या गेटावरची सकाळची पाळी मी घेतो.